साधी गाठ

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते, गरज पडली की उर्दूचेही तास घेते. एका शब्दाचे दोन्हीकडचे अर्थ वहीच्या दोन रकान्यांत मांडायची त्यामुळे सवय झाली आहे. ‘बिनाइन’ हा शब्द मात्र मी कधी फळ्यावर लिहिला नव्हता. तो आमच्या घरात आला माझ्या धाकट्या बहिणीच्या सोनोग्राफीच्या कागदावरून.

मराठीत डॉक्टर तिला ‘साधी गाठ’ म्हणतात. पुस्तकात ‘सौम्य’ असा शब्द सापडतो, ‘निरुपद्रवी’ असाही सापडतो. उर्दूत ‘बेज़रर’ म्हणतात, म्हणजे जिच्यापासून इजा नाही अशी. तिन्ही शब्द ऐकायला गोड आहेत, आणि तिन्ही शब्द ऐकून माणूस निर्धास्त होतो. पण डॉक्टर जेव्हा ‘बिनाइन’ म्हणतो, तेव्हा तो फक्त एवढंच सांगत असतो की या गाठीच्या पेशी कॅन्सरसारख्या शेजारी घुसत नाहीत आणि शरीरात इतरत्र जाऊन घर करत नाहीत. ती गाठ वाढणार नाही, फुटणार नाही, रक्तस्राव करणार नाही, असं त्या शब्दात कुठेही नाही. बहुतेक गाठी खरोखरच काही करत नाहीत. थोड्या करतात. त्या थोड्यांपैकी एक आमच्या वाट्याला आली.

हे सगळं बहिणीच्या परवानगीनं लिहिते आहे. “माझं नाव लिहू नको, बाकी सगळं लिही,” असं तिनंच सांगितलं. घरात सगळे तिला छोटी म्हणतात, मीही इथे तेच म्हणेन.

छोटी सोलापूरजवळच्या एका तालुक्याच्या गावी राहते. वय चौतीस, एक सात वर्षांची मुलगी. उजव्या बरगडीखाली जड वाटतं म्हणून तिनं सोनोग्राफी केली. लिव्हरमध्ये सहा सेंटीमीटरची गाठ दिसली. कागदावर शेवटी इंग्रजीत दोन ओळी होत्या: हिमॅन्जिओमा असावा, खात्रीसाठी कॉन्ट्रास्ट देऊन सीटी किंवा एमआरआय करावा. गावातल्या डॉक्टरांनी पहिली ओळ वाचून सांगितलं, “साधी गाठ आहे, बऱ्याच जणांना असते.” सासूबाईंनी शुक्राना म्हणून खीर केली. दुसरी ओळ फाइलबरोबर कपाटात गेली.

आठ महिन्यांनी एका रात्री तिच्या पोटात एकाएकी कळ आली. थोड्या वेळानं उजवा खांदा दुखायला लागला. घरच्यांना वाटलं, झोपेत खांदा आखडला असेल, म्हणून बाम चोळला. आज मला माहीत आहे की पोटात रक्त साचून ते वर पडद्याला लागलं की दुखणं खांद्यात जाणवतं, कारण त्या पडद्याच्या आणि खांद्याच्या नसा मणक्यात एकाच ठिकाणी येऊन मिळतात. पण रात्री दोन वाजता हे कोणाला सुचणार? पित्ताचं इंजेक्शन झालं. पहाटे ती बाथरूमला जाताना चक्कर येऊन पडली. घामानं ओली, हात बर्फासारखे, ओठ पांढरे. दुसऱ्या डॉक्टरांनी नाडी धरली, पापणी खाली ओढून पाहिली आणि लगेच अॅम्ब्युलन्स मागवली. पुण्याला पोहोचेपर्यंत तिचं हिमोग्लोबिन ६.८ वर आलं होतं.

मी सोलापुरातूनच त्या गाडीत बसले. पुढचे सगळे महिने माझं काम एकच होतं. डॉक्टर मराठी-इंग्रजीत बोलत, अम्मी आणि सासूबाई दखनी बोलत, आणि मी मधे उभी राहून एकाचं बोलणं दुसऱ्याला समजेल असं सांगत असे. शिक्षकीपेशाचा एवढा उपयोग मला त्याआधी कधी झाला नव्हता.

तीन गाठी, तीन स्वभाव

लिव्हरमधल्या साध्या गाठी अनेक प्रकारच्या असतात. पण एका सर्जननी मला कागदावर तीन गोल काढून दाखवले आणि म्हणाले, “मॅडम, एवढ्या तीन समजल्या तरी निम्मी भीती जाईल.”

पहिली हिमॅन्जिओमा. ही म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांचा गुंता, रक्तानं भरलेला स्पंज म्हणा. लिव्हरच्या साध्या गाठींत हीच सर्वांत जास्त आढळते, बायकांमध्ये अधिक. बहुतेकांना ती आयुष्यभर त्रास देत नाही. दुसरीचं नाव लांबलचक, फोकल नोड्युलर हायपरप्लेझिया. लिव्हरच्याच पेशी एका जागी जास्त वाढलेल्या, बऱ्याचदा मध्ये चांदणीसारखा व्रण. ही फुटत नाही म्हटलं तरी चालेल, आणि तिचा कॅन्सर होत नाही. तिसरी अॅडिनोमा. ती या तिघींत सर्वांत कमी आढळते आणि तिच्यावरच सर्वांत जास्त लक्ष ठेवावं लागतं. तिच्या आतल्या रक्तवाहिन्या पातळ असतात, त्यांना चांगला आधार नसतो. गाठ पाच सेंटीमीटरच्या पुढे गेली की रक्तस्रावाचा धोका वाढतो. आणि काही थोड्या अॅडिनोमांचा पुढे कॅन्सर होऊ शकतो.

साध्या सोनोग्राफीत या तिघींत गफलत होऊ शकते. म्हणून कॉन्ट्रास्ट लागतं. शिरेतून औषध सोडतात आणि ते गाठीत कसं शिरतं, कसं बाहेर पडतं याच्या वेगवेगळ्या वेळी प्रतिमा घेतात. हिमॅन्जिओमा कडेकडेनं ठिपक्यांसारखा उजळतो आणि मग हळूहळू आत भरत जातो. बाकीच्या दोघी धमनीच्या टप्प्यात एकदम उजळतात, त्यामुळे त्यांच्यात गोंधळ होतो. तो सोडवायला एमआरआयसाठी एक वेगळं औषध असतं, जे लिव्हरच्या जिवंत पेशी शोषून घेतात आणि पित्तावाटे बाहेर टाकतात. वीसेक मिनिटांनी पाहिलं तर दुसऱ्या प्रकारची गाठ बहुधा ते औषध धरून ठेवते आणि अॅडिनोमा बहुधा धरत नाही.

“मग सुई घालून तुकडा का काढत नाही?” हा प्रश्न माझ्या मेव्हण्यानं विचारला. घरातला प्रत्येक शहाणा माणूस हाच प्रश्न विचारतो. उत्तर असं, की रक्तानं भरलेल्या गाठीत सुई घालणं म्हणजे स्वतःहून रक्तस्रावाला आमंत्रण. चित्रांवरून निदान होत असेल तर सुई टाळतात, आणि अगदी अडलं तरच वापरतात.

एक प्रश्न, जो सगळ्यांसमोर विचारता येत नाही

रक्ताच्या दोन पिशव्या गेल्यानंतर छोटीचा आवाज परत आला. एक तरुण डॉक्टर मुलगी केसपेपर घेऊन आली. बीपी, साखर, आधीचं ऑपरेशन असे प्रश्न विचारत ती थांबली: “कुठल्या गोळ्या घेता?” पलंगाभोवती नवरा, सासूबाई, दीर, अम्मी. छोटी म्हणाली, “काही नाही.” आणि तिनं माझ्याकडे पाहिलं.

त्या मुलीनं ते पाहणं ओळखलं. कोणालाही काही न सांगता ती म्हणाली, “पेशंटला तपासायचं आहे, फक्त बहीण थांबा.” पडदा ओढल्यावर छोटीनं माझा हात धरला. “आपा, उनकू नक्को बोल.” मुलगी झाल्यावर सहा वर्षं ती गर्भनिरोधक गोळ्या घेत होती. एका डॉक्टरांनी सुरुवातीला लिहून दिल्या होत्या. नंतर ती त्याच जुन्या चिठ्ठीवर बाजारच्या दिवशी मेडिकलमधून घेत राहिली. सासूबाई नातवाची वाट पाहत होत्या. नवऱ्यालाही माहीत नव्हतं.

डॉक्टर मुलीनं कसलाही चेहरा केला नाही. नाव, किती वर्षं, शेवटची गोळी कधी, एवढं लिहून घेतलं आणि म्हणाली, “ही फार कामाची गोष्ट सांगितलीत. आजपासून बंद.” पडद्याबाहेर तिनं कोणाला काही सांगितलं नाही.

ती गोष्ट कामाची का होती, हे समजायला मागे जावं लागतं. गर्भनिरोधक गोळीला अमेरिकेत मान्यता मिळाली १९६० मध्ये. त्याआधी अॅडिनोमा इतका दुर्मीळ होता की बऱ्याच डॉक्टरांनी तो पाहिलेलाच नसे. १९७३ मध्ये जेनेट बॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये सात बायकांच्या केसेस मांडल्या. सातही जणी गोळी घेणाऱ्या, सातही जणींच्या लिव्हरमध्ये साधी गाठ. संबंध असावा, असं त्यांनी सुचवलं, आणि पुढच्या अभ्यासांनी तो पक्का केला. गोळीतलं इस्ट्रोजेन अॅडिनोमाला खतपाणी घालतं. गोळी बंद केली की काही गाठी आपोआप लहान होतात.

इथे थांबून एक गोष्ट स्पष्ट लिहिते, कारण हे वाचून कोणी घाबरून गोळ्या फेकून देऊ नयेत. आजच्या गोळ्यांत इस्ट्रोजेनचं प्रमाण त्या काळापेक्षा खूप कमी आहे. कोट्यवधी बायका त्या घेतात आणि त्यांतल्या अगदी मोजक्या जणींना ही गाठ होते. नको असलेल्या बाळंतपणाचा धोका त्यापेक्षा मोठा असू शकतो. गोळी घेणं हा गुन्हा नाही. लिव्हरमध्ये गाठ दिसल्यावर मात्र डॉक्टरांना गोळीबद्दल सांगायलाच हवं. पाळी नियमित व्हावी म्हणून हार्मोनच्या गोळ्या घेणाऱ्या मुलींनीही सांगावं. आणि जिममध्ये अंग भरावं म्हणून स्टेरॉइडची इंजेक्शनं घेणाऱ्या पोरांनीही. त्यांच्यामुळेही अॅडिनोमा होतो, आणि पुरुषातला अॅडिनोमा कॅन्सरकडे झुकण्याची शक्यता जास्त असल्यानं तो लहान असला तरी काढण्याचाच सल्ला देतात.

आपल्या घरांत या गोळीभोवती जी चुप्पी आहे, तिचं कारण धर्म आहे असं बायकांना वाटतं. इमाम ग़ज़ालींनी नऊशे वर्षांपूर्वी ‘इह्या’मध्ये अज़्ल, म्हणजे गर्भ राहू नये म्हणून पुरुषानं घ्यायची खबरदारी, जायज धरताना बाळंतपणात बायकोच्या जिवाला असणारी भीती हेही एक कारण मानलं आहे. म्हणजे चुप्पी ग्रंथातून आलेली नाही, सासरच्या ओसरीवरून आली आहे. छोटीनं पुढे पंधरा दिवसांनी नवऱ्याला स्वतःच सांगितलं. तो एक दिवस बोलला नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या फायली एका पिशवीत लावून घेऊन आला, आणि त्यानंतर प्रत्येक तपासणीला तोच बरोबर गेला. यापेक्षा जास्त मी विचारलं नाही.

फुटलेली गाठ लगेच कापत नाहीत

मला वाटलं होतं, पोटात रक्त आहे म्हणजे आता ताबडतोब पोट उघडणार. पूर्वी तसंच करत. पण रक्तस्राव चालू असताना, बीपी खाली असताना लिव्हर कापणं हे सर्वांत धोक्याचं. लिव्हरमधून दर मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त वाहतं. म्हणून आधी रक्त देऊन पेशंटला सावरतात आणि रक्त थांबायला दुसरी वाट धरतात.

ती वाट मांडीतून जाते. मांडीच्या धमनीतून केसासारखी बारीक नळी वर सरकवत, एक्स-रेच्या पडद्यावर बघत, गाठीला रक्त पुरवणाऱ्या फांदीपर्यंत नेतात आणि तिथे बारीक कण सोडून ती फांदी बुजवतात. “मग बाकीचं लिव्हर मरणार नाही का?” असं मी विचारलं. ते डॉक्टर हसले. लिव्हरला दोन नळांचं पाणी असतं, म्हणाले. साधारण तीन चतुर्थांश रक्त आतड्याकडून येणाऱ्या पोर्टल शिरेतून मिळतं, उरलेलं धमनीतून. गाठ मात्र मुख्यतः धमनीवर जगते. धमनीची तेवढी फांदी बंद केली की गाठ उपाशी राहते आणि लिव्हर दुसऱ्या नळावर निभावतं.

दीड तासात ते झालं. त्या रात्री मी वॉर्डबाहेरच्या बाकावर इशाची नमाज पढले आणि सासूबाईंना सांगितलं, “दो नल हैं, एक बंद किए.” त्यांना लगेच समजलं. आमच्या भागात नळाला पाणी कधी येतं आणि कधी जातं, हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

मग वाट पाहणं. महिन्यांमागून महिने. साचलेलं रक्त शरीर हळूहळू शोषून घेतं, सूज उतरते, आणि मग कळतं की खरी गाठ किती उरली. छोटीची साडेपाच सेंटीमीटर उरली होती. एमआरआयनं तो अॅडिनोमाच असल्याचं सांगितलं. अल्फा फीटोप्रोटीन ही रक्ततपासणी नॉर्मल आली. त्यानं कॅन्सर नाही अशी खात्री होत नाही, पण मन थोडं स्थिर होतं.

आता खरा निर्णय होता. काढायची की नजर ठेवायची? सर्जननी तिच्यासमोर सगळं मांडलं: एकदा फुटलेली, अजून पाचच्या वर, आणि तिला दुसरं मूल हवं आहे. गरोदरपणात शरीरात हार्मोन वाढतात, अशी गाठ तेव्हा वाढू शकते आणि तेव्हा फुटली तर दोन जीव. “काढून टाका,” छोटी म्हणाली. तोपर्यंत तिच्याबद्दलचे सगळे निर्णय आम्ही बाकीचे घेत होतो. हा तिनं घेतला.

अम्मीला समजलेली शस्त्रक्रिया

पैशांचं सांगते, कारण ते कोणी लिहीत नाही. माझ्या शिक्षक पतसंस्थेचं कर्ज, छोटीच्या दोन पाटल्या, आणि दिराची म्हैस. एवढ्यात बसलं.

लिव्हरचं ऑपरेशन अवघड का, हे मी अम्मीला समजावत होते. तीच मला म्हणाली, “कच्ची कलेजी में सुई-धागा टिकता क्या?” बकरीदला आमच्याकडे सगळ्यात आधी कलेजीच चुलीवर चढते, आणि चाळीस वर्षं ती कापणाऱ्या बाईला हे माहीत असतं की कलेजी हाताला घट्ट लागते, पण दोरा ओढला की चिरत जाते. सर्जननाही शतकभर हीच अडचण होती. कातडी शिवता येते, आतडं शिवता येतं. लिव्हर शिवायला गेलं तर टाकाच कापत जातो आणि रक्त थांबत नाही.

दोन माणसांच्या कामानं यात मोठा फरक पडला. ग्लासगोचे सर्जन जेम्स हॉगार्थ प्रिंगल यांनी १९०८ मध्ये लिहिलं, की लिव्हरकडे जाणारी शीर आणि धमनी एकाच जाड पदरातून जातात. तो पदर बोटांत किंवा चिमट्यात धरला की लिव्हरला येणारं रक्त काही वेळ थांबवता येतं. आजही हीच युक्ती वापरतात: साधारण पंधरा मिनिटं बंद, पाच मिनिटं सोडायचं, पुन्हा बंद. दुसरे फ्रान्सचे क्लोद क्विनो. बाहेरून लिव्हर अखंड दिसतं, पण आतल्या शिरांच्या फांद्यांप्रमाणे त्याचे आठ भाग पडतात आणि प्रत्येकाला स्वतःचा रक्तपुरवठा असतो, हे त्यांनी १९५७ मध्ये मांडलं. त्यामुळे कुठून कापलं तर कमी रक्त जाईल आणि उरलेला भाग जिवंत राहील, हे आधीच ठरवता येतं.

छोटीची गाठ मागच्या बाजूला, सहाव्या आणि सातव्या भागात होती. ते दोन भाग गाठीसकट काढले. सकाळी नऊला आत नेलं, दुपारी अडीचला सर्जन बाहेर आले. त्यांनी मास्क खाली करून आधी “रक्त फार गेलं नाही” म्हटलं आणि मग बाकीचं सांगितलं. पुढचे चार दिवस सगळ्यांचं लक्ष पोटातून काढलेल्या नळीकडे. तिच्यात हिरवट-पिवळं पित्त उतरलं तर कापलेल्या कडेतून गळती आहे असं समजायचं. नर्स रोज पिशवी उजेडात धरून पाहत असे आणि मी नर्सचा चेहरा पाहत असे. पित्त आलं नाही. नवव्या दिवशी घरी सोडलं.

निरोगी लिव्हरचा साधारण पाव ते तिसरा हिस्सा शिल्लक ठेवला तरी माणूस जगतो, आणि उरलेलं लिव्हर काही आठवड्यांत-महिन्यांत वाढून जवळपास पूर्वीच्या आकारमानाला येतं. कापलेला तुकडा पुन्हा उगवत नाही, उरलेलाच फुगून भरपाई करतो.

शेजारच्या पलंगावरची गाठ

त्याच वॉर्डात कोकणातले एक पन्नाशीचे काका होते. त्यांची गाठ हिमॅन्जिओमा, म्हणजे तीच बिचारी निरुपद्रवी मानलेली, पण अठरा सेंटीमीटरची. हिरड्यांतून रक्त येई, दंडावर निळे डाग पडत. रक्त तपासलं तर प्लेटलेट फारच कमी. घरच्यांना वाटलं डेंग्यू, नाहीतर ब्लड कॅन्सर.

खरं कारण गाठीत होतं. एवढ्या मोठ्या स्पंजात रक्त रेंगाळतं, गोठू लागतं, आणि शरीरातल्या प्लेटलेट आणि रक्त गोठवणारे घटक तिथेच खर्च होतात. मग बाकीच्या शरीरात साधं खरचटलं तरी रक्त थांबत नाही. तान्ह्या बाळातल्या अशा गाठीचं आणि घटलेल्या प्लेटलेटचं वर्णन अमेरिकेतल्या कसाबाख आणि मेरिट या दोन डॉक्टरांनी १९४० मध्ये केलं, म्हणून या प्रकाराला त्यांचं नाव आहे. मोठ्या माणसाच्या लिव्हरमध्ये तो फारच क्वचित दिसतो.

त्या काकांना प्लेटलेटच्या पिशव्या चढवल्या तरी आकडा टिकत नसे. डॉक्टर म्हणाले, गाठ आहे तोवर हे फुटक्या घड्यात पाणी ओतणं आहे. ऑपरेशनपुरता आकडा वर आणून त्यांनी गाठ काढली. हिमॅन्जिओमा आणि लिव्हर यांच्यामध्ये एक पातळ थर असतो. तो सापडला तर फणसातून गरा सोडवावा तशी गाठ सोलून काढता येते आणि चांगलं लिव्हर वाया जात नाही. काही दिवसांत त्यांच्या प्लेटलेट आपोआप चढल्या. त्यांच्या बायकोनं आम्हाला घरच्या कोकमाची बाटली दिली, ती अजून छोटीच्या फ्रिजमध्ये आहे.

म्हणजे एकाच वॉर्डात, दोन पलंगांवर, दोन साध्या गाठी. एक आतून फुटलेली, दुसरी रक्त खाणारी. आणि बाहेर ओपीडीत त्याच सर्जनकडे रोज कोणी ना कोणी हिमॅन्जिओमाचा कागद घेऊन घाबराघुबरा येई आणि त्याला ते सांगत, “काही करायचं नाही, घरी जा.” दोन्ही उत्तरं बरोबर होती. कोणती गाठ आहे, केवढी आहे, कोणाच्या शरीरात आहे, हे पाहिल्यानंतर दिलेली होती म्हणून बरोबर होती. गावात छोटीला मिळालेलं “चिंता नको” हे उत्तर त्यातलं काहीही न पाहता मिळालं होतं.

दोन भाषांत एकच

उर्दूत आईबाप लेकराला लख़्त-ए-जिगर म्हणतात. जिगर म्हणजे लिव्हर. मराठीत म्हणतात काळजाचा तुकडा. आज आपण काळीज म्हणजे हृदय धरतो, पण त्या शब्दाचा जुना अर्थ यकृत असाच आहे. कलेजी आणि काळीज एकाच घरातले शब्द आहेत. युनानी वैद्यकात दिल आणि दिमाग़ यांच्या बरोबरीनं जिगर हा शरीराच्या तीन सरदारांपैकी एक मानला जातो. जुन्या माणसांना वाटे की रक्त तिथेच तयार होतं. हिंमत आणि माया तिथेच राहते असं म्हणणं त्यातूनच आलं असावं. आठवीच्या वर्गात या वर्षी मी हे दोन शब्दप्रयोग शेजारी शेजारी लिहिले. मुलींनी ‘लिव्हर!’ म्हणून नाकं मुरडली. मग एकीनं विचारलं, “टीचर, तुकडा काढला तर माणूस मरत नाही?” मी सांगितलं, नाही मरत. तासाची उरलेली पंधरा मिनिटं तिनं आणि बाकीच्यांनी प्रश्नच विचारले.

छोटीच्या गाठीचा पॅथॉलॉजी रिपोर्ट अॅडिनोमाचाच आला, कॅन्सर कुठे नाही. अॅडिनोमाचेही जनुकांप्रमाणे पोटप्रकार असतात आणि त्यांतला बीटा-कॅटेनिनचा बदल असलेला कॅन्सरकडे जास्त झुकतो. तो बदल तिच्यात नव्हता. अल्हम्दुलिल्लाह. आता ठरलेल्या महिन्यांनी तपासणी असते. हार्मोनची गोळी तिला आयुष्यभर बंद. दुसऱ्या साधनांबद्दल दोघं नवरा-बायको मिळून डॉक्टरांशी बोलले.

तुमच्या किंवा घरातल्या कोणाच्या कागदावर ‘लिव्हरमध्ये साधी गाठ’ असं लिहून आलं, तर रात्रभर जागू नका. शक्यता हीच जास्त की तिला काहीच करावं लागणार नाही. फक्त कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचून घ्या, इंग्रजी येत नसेल तर कोणाकडून वाचून घ्या. गाठीचं नाव विचारा. आकार विचारा. पुन्हा कधी तपासायचं ते विचारा. आणि तुम्ही घेत असलेली प्रत्येक गोळी, घरात कोणाला माहीत नसलेलीही, डॉक्टरांना सांगा. सगळ्यांसमोर बोलता येत नसेल तर “मला एकटीला बोलायचं आहे” एवढं म्हणा. ते म्हणण्याचा तुम्हाला हक्क आहे.